मूकपटातलं शेवटचं वाक्य

मार्चमधल्या एका मंगळवारी माझे पती ऑफिसच्या कार पार्कमध्ये पडले आणि गेले.

त्याच्या आधीचा रविवार मला परत हवा आहे. सबंध नको. त्यातलं एक वाक्य पुरे.

रविवारी जेवण झालं की इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या घरात पडदे ओढून आम्ही जुने छोटे मूकपट बघायचो. नवरा-बायकोच्या संसाराचे, विनोदी. नवरा फळी ठोकायला घेतो आणि भिंतच खाली येते, असे. त्या मुक्या माणसांना आम्ही मराठीत बोलायला लावायचो. नवऱ्याचं हे बोलायचे, बायकोचं मी. एरवी मी चार माणसांत तोंड न उघडणारी. तिथे मात्र मनसोक्त भांडायचे.

"अगं, ही भिंतच वाकडी आहे."

"तिला नावं ठेवू नका. सकाळपर्यंत सरळ होती."

त्या फिल्मांत मला काय आवडायचं ते आता कळतं. घरातलं सगळं मोडतं, पण माणूस ढिगाऱ्यातून उठतो आणि कोट झटकतो. दर वेळी उठतो.

फळीच्या फिल्मच्या शेवटी ती दोघं मोडलेल्या घरात बसलेली असतात. तो तिच्याकडे वळून काहीतरी म्हणतो. पडद्यावर अक्षरं येत नाहीत, नुसते ओठ हलतात. तिथे हे दर वेळी नवीन वाक्य घालायचे आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं, "बरं, चहा टाकते." त्या रविवारी मी इतकी हसले की उत्तर देताना मला ठसका लागला. ठसका आठवतो. यांनी पाठीवरून हात फिरवला, तोही आठवतो. हे काय म्हणाले ते आठवत नाही.

मी रोज ती फिल्म लावते. ओठ हलतात, मी कान देऊन बसते, मागे नेते, पुन्हा लावते. एकदा ठसका लागावा म्हणून मुद्दाम घाईने चहा प्यायले. तोंड भाजलं, बाकी काही झालं नाही.

परवा मुलगी आली होती. माझ्याबरोबर बसून तिने फिल्म पाहिली आणि शेवट जवळ आल्यावर म्हणाली, "आई, मी ट्राय करू? बाबांचा व्हॉइस येतो मला." मी काही म्हणायच्या आत ओठ हलले आणि ती जड आवाजात बोलली, "शेजाऱ्यांना सांग, मुद्दाम भिंत काढून ओपन प्लॅन केलंय."

हुबेहूब यांची तऱ्हा. यांना फार आवडलं असतं. मी तिचा हात घट्ट धरला.

"नको गं. तुझंच वाक्य माझ्या लक्षात राहील."

"सॉरी, आई," ती म्हणाली आणि रडायला लागली. मला तेही जमेना.

आता ते ओठ हलले की मला मुलीचं वाक्य ऐकू येतं. यांचं येत नाही. माझं उत्तर तेवढं राहिलं आहे.