रिकाम्या सीटवरचा माणूस

लॉइड पेटिग्रूने आयुष्यातली चार वर्षं गाडीची सीट होऊन काढली. थट्टा नाही, खरंच सीट. टीव्हीवरच्या त्या मालिकेत जूनो नावाची काळी गाडी होती. ती बोलायची, विचार करायची, गुंडांच्या अंगावर धूर सोडायची आणि मुख्य म्हणजे आपली आपण चालायची. आता गाडी आपली आपण कशी चालणार? सीटची गादी काढून तिथे लॉइड बसायचा, अंगावर सीटचीच खोळ शिवलेली, हातात काळे मोजे. स्टिअरिंग खालच्या कडेला धरायचं आणि डोक्यापाशी जाळीची चार बोटांची फट, तिच्यातून रस्ता बघायचा. देशभरची पोरं गाडीच्या हुशारीवर फिदा होती, आणि हुशारी बिचारी आत घामाने निथळत असायची.

मालिका बंद पडली. लॉइड पामडेलला शाळेची बस चालवायला लागला. खोळ मात्र त्याने सव्वीस वर्षं गॅरेजात टांगून ठेवली होती. बायकोला, जोनेलला, त्या कोपऱ्यात शिवणयंत्र ठेवायचं होतं.

"त्या सीटला तरी विचार, तिला माझी अडचण होतेय का ते," ती म्हणायची. लॉइड ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

आणि लॉइडच्या चौसष्टाव्या वर्षी मालिका पुन्हा निघाली. नवी जूनो, नवा नायक, नव्या करामती. गाडी लांबून यंत्राने चालवायचं ठरलं होतं, पण पडद्यावर ती खेळण्यासारखी दिसायला लागली. तेव्हा स्टंटवाल्यांचा मुकादम डॅरिल ओचोआ, लॉइडचा जुना दोस्त, दिग्दर्शिका टेसाला म्हणाला, "माझ्याकडे एक म्हातारी सीट आहे." टेसा हसली, पण एक दिवस द्यायला तयार झाली. एक शॉट. जमला तर अख्खा सीझन लॉइडचा, नाहीतर यंत्र आहेच.

लॉइडला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की आदल्या आठवड्यात त्याला जेवण गेलं नाही. बस चालवण्यात कमीपणा आहे असं तो कधी म्हणाला नाही, पण बसमध्ये त्याला कुणी हुशार म्हणत नव्हतं.

लँकेस्टरच्या पलीकडे वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर शॉट लागला. जूनोने भरधाव यायचं आणि नायकापासून हातभर अंतरावर थांबायचं. सकाळपासून पाच तालमी झाल्या. कोल्बी, नवा नायक, रस्त्यावर चिकटवलेल्या पट्टीवर उभा राहायचा आणि लॉइड बरोब्बर हातभर आधी थांबायचा. पाचव्या खेपेला त्याच्या ध्यानात आलं की मनात मोजत गेलं तर सुटल्यापासून ब्रेकपर्यंत तेरा आकडे होतात.

"म्हाताऱ्या, गंज नाही चढला अजून," ओचोआ खिडकीशी वाकून म्हणाला.

"तुझ्या गुडघ्यांना चढला असेल. इकडे सगळं ठीक आहे."

स्टंटवाल्यांत दोन रिवाज आहेत. एक, लपलेला चालक आत बसला की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. तो गाडी झाला. कारण बोलायला लागलं की नट सीटकडे बघायला लागतात आणि शॉट वाया जातो. दुसरा, कुठल्याही कामाला कुणीही नुसतं 'नाही' म्हणू शकतो. कारण द्यायचं नाही आणि समोरच्याने विचारायचं नाही. लॉइडने आजवर एकदाही नाही म्हटलं नव्हतं, आणि याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

शॉटच्या आधी कोल्बी गाडीपाशी आला. ऊन मी म्हणत होतं. त्याने चामड्याचं जाकीट काढलं, उघड्या खिडकीतून रिकाम्या सीटवर भिरकावलं आणि पट्टीकडे चालता झाला. दिवसभर त्या सीटला रिकामी म्हणून म्हणून पोराला ती खरंच रिकामी वाटायला लागली होती. जाकीट बसलं ते नेमकं जाळीवर.

लॉइडपुढे अंधार. हात खोळीत शिवलेले, ते स्टिअरिंगपलीकडे उचलता येईनात. कानातल्या यंत्रातून नुसतं ऐकू यायचं, बोलता यायचं नाही. हॉर्न होता. पण हॉर्न वाजवला की शॉट मोडणार, मग टेसा म्हणणार, म्हाताऱ्याला जमत नाही. एवढा विचार होतोय तोवर कानात "चला" आलं.

त्याने पाय दाबला. रस्ता सरळ होता, आकडे पाठ होते.

एक. दोन.

तिसऱ्याला त्याने ब्रेक मारला. गाडी अर्ध्या वाटेवरही पोचली नव्हती.

सगळे धावले ते बॉनेटकडे. दोघा मेकॅनिकांनी ते उघडलं, तिसऱ्याने चाकांखाली डोकं घातलं. सीटला काय झालं हे कुणाच्या मनात येईना. शेवटी ओचोआने जाकीट उचललं, आणि त्याच्या तोंडून एक शिवी निघाली.

तिकडे टेसा पडद्यावर शॉट पुन्हा बघत होती. डोळ्यांत ऊन येतंय म्हणून कोल्बी पट्टी सोडून दोन ढांगा पुढे आला होता. तेरा आकड्यांनी आलेली गाडी सरळ त्याच्या अंगावर गेली असती. कोल्बी तिच्यामागे येऊन उभा होता, त्याने ते पाहिलं.

"मला वाटलं आत कोणी नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

टेसा स्वतः खिडकीशी आली. रिवाज मोडून तिने खोळीचा वरचा भाग सोडवला. "यंत्र थांबलं नसतं, लॉइड. यंत्र मी परत पाठवतेय. बावीस भाग आहेत. सीट तुझी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लॉइडने त्या ऐकून घेतल्या. सव्वीस वर्षं याच टाळ्यांची वाट बघितली होती आणि त्या ऐकताना त्याला बरंही वाटलं, खोटं कशाला सांगा.

मग तो म्हणाला, "नाही."

टेसाने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण ओचोआने तिच्या दंडाला हात लावला.

घरी जोनेलने मक्याचा पाव आणि राजमा पुढे ठेवला. जोनेल काही स्टंटवाली नव्हती, तिला कसला रिवाज.

"मिळालं का?"

"मिळालं होतं."

"होतं म्हणजे?"

लॉइडने तिला जाकिटाचं सांगितलं, टाळ्यांचंही सांगितलं. "सगळे म्हणतात वेळेवर थांबलो. पण दिसत नसताना मी गाडी काढली, जोनेल. दोनपर्यंत मोजलं मी."

"मग किती मोजायचं असतं?"

"एकही नाही."

तिने त्याच्या ताटात आणखी पाव वाढला. लॉइडने तो राजम्यात कुस्करला.

"गॅरेजातला तो कोपरा," तो म्हणाला, "उद्या मोकळा करून देतो. शिवणयंत्र लाव तुझं."

"राहू दे रे," जोनेल म्हणाली. "एवढी काही घाई नाही."