मिशीपलीकडचा घड

माझ्या धुळ्याच्या व्याह्यांइतका, म्हणजे नानांइतका, ओळी लावणारा माणूस तापीच्या अलीकडे झाला नाही आणि पलीकडेही झाला नाही. ताट वाढलेलं असताना पुऱ्या लहानीपासून मोठीपर्यंत लावून बघणारा, आणि त्या नीट लागल्यावरच पहिला घास घेणारा दुसरा कोणी तुमच्या पाहण्यात असेल तर त्याला आमच्या चोपड्याला आणा, त्याचं भाडं मी देतो. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला माणसं कचरायची. स्वतःच्या पुऱ्या लावून झाल्या की नानांचा हात शेजाऱ्याच्या ताटाकडे वळायचा. खायला नाही, मापायला.

नाना धुळ्याच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. अंगानं काडी, खिशात सुतळीचं बंडल, आणि मिशा अशा की डावी ओठाच्या कोपऱ्यात संपायची तर उजवी कानाशी गप्पा मारायची, कारण पेपर वाचता वाचता ते स्वतःच कातरायला बसायचे. गणितावर बोलायचे तेव्हा भाषा शुद्ध, जीव गुंतला की अहिराणी. तेव्हा चोपड्यात एखाद्याच घरी टीव्ही होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. एका उन्हाळ्यात ते मास्तरांच्या कसल्याशा शिबिराला गेले. बाकीचे मास्तर तिकडून बायकोला साडी घेऊन आले, नाना पेटी आणि मिशा घेऊन आले. मी तिसरीपर्यंत शिकलो, पुढं शाळा मला पटली नाही. तरी ही पेटी मला एका बैठकीत समजली, तेव्हा तुम्हालाही समजेल. कुठल्याही वस्तू घ्या, लहानीपासून मोठीपर्यंत लावा. अगदी मधली जिथं येईल तिथं रेघ मारा. मग अलीकडच्या अर्ध्यातली मधली बघा, पलीकडच्या अर्ध्यातली मधली बघा, तिथं दोन भिंती घाला. झाली पेटी, निम्मा माल तिच्यात. उरलेल्यासाठी दोन्ही अंगांना रेघा ओढायच्या, त्या मिशा. पण मिशी वाटेल तेवढी वाढू द्यायची नाही, भिंतीपासून दीड पेटीच्या आत जो शेवटचा माल असेल तिथं ती थांबवायची. त्याच्याही पलीकडं एखादा उडालेला असला तर तिथं नुसता एक तारा काढायचा. यात बेरीज नाही, भागाकार नाही, म्हणूनच मला ती आवडली. नानांना तर 'सरासरी' हा शब्दच सोसायचा नाही. "एक हत्ती आणि दहा उंदीर एका ट्रकात भरा," ते म्हणायचे, "सरासरीवाला सांगेल, ट्रकात अकरा रेडे आहेत!"

मुलासाठी माझ्या लेकीला, लताला, बघायला आले तेव्हाही त्यांनी तेच केलं. लोक पोरीला नाव विचारतात, स्वयंपाक येतो का विचारतात. नानांनी ज्वारीच्या बिबड्यांचं टोपलं मागितलं, हे पापड तुझ्याच हातचे ना एवढं लताला विचारलं, आणि खाटेवर ओळ लावायला बसले. त्यांच्या मंडळींनी डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढला. मी मनात म्हटलं, माणूस भ्रमिष्ट दिसतो, चहा पाजून वाटेला लावावा. नानांनी खडूनं फरशीवर पेटी काढली आणि मान डोलावली. "पेटी आखूड आहे. पोरीचा हात सारखा चालतो." मग अलीकडे, मिशीच्या बाहेर, त्यांनी एक तारा काढला आणि रुपयाएवढी एक बिबडी उचलली. "बेटा, ही एवढीशी कशी?" लता खाली बघत म्हणाली, "पीठ उरलं होतं. चिमण्यांसाठी केली." नाना माझ्याकडे वळले. "आबा, तारा दिसला की खोडायचा नसतो. त्याला विचारायचं, बाबा रे, तू इथं कसा आलास? लग्न पक्कं समजा." मे महिन्यात लग्न झालं.

आता भांडणाचं सांगतो. आमचं घर मळ्यातच, दाराशी विहीर, भोवती केळीची बाग. दर वर्षी केळी कापायला आली की सगळ्यांत मोठा घड मी गावातल्या पारावर टांगायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, "आपल्या मळ्यातला घड असा असतो." लोक बघायचे, मी बघणाऱ्यांकडे बघायचो. लताच्या लग्नानंतरच्या दिवाळीत नाना पाहुणे आले, पारावरचा घड त्यांनी बघितला आणि म्हणाले, "वा! आता बाकीचे दाखवा." मीही छाती काढून हो म्हटलं. बांधाला बांध लागून माझ्या चुलतभावाची बाग, तीही त्याच दिवशी कापत होते. नानांनी सुतळीला किलोकिलोच्या गाठी मारल्या, रस्त्याच्या कडेला ती ताणली, दोन्ही बागांतला प्रत्येक घड काट्याला लावून ओळी केल्या आणि चुन्याच्या फक्कीनं एकाखाली एक दोन पेट्या आखल्या. अर्धं गाव जमलं. दोन्ही पेट्या आखूड आणि गच्च, पण भावाची पेटी पुढं आणि माझी तिच्या मागं. त्याची मधली रेघ माझ्या मधल्या रेघेच्या पुष्कळ गाठी पुढं. आणि दूर तिकडं, माझी मिशी संपून, त्याचीही मिशी संपून, एकटा तारा. तो पारावरचा घड.

"बघा," मी ओरडलो, "सगळ्यांच्या पुढं कोण आहे ते बघा!"

"तो एकला पुढे शे," चुलतभाऊ म्हणाला, "बाकी बठ्ठा मांगे. आबा, एक घड दखाडीसन बठ्ठा गावले भुलाडं तू!"

एक घड दाखवून मी सगळ्या गावाला भुलवलं म्हणे! लोक असे हसले की बैलं बिथरली. मी नानांना म्हटलं, "पेटी पुसा."

"पुसतो," नाना म्हणाले. "पण पुसून बाग जड होणार नाही."

"मग माझ्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवू नका."

मुलीच्या सासऱ्याला असं कोणी बोलत नाही, हे मला ठाऊक होतं. नानांनी सुतळी गुंडाळली, पिशवी उचलली आणि दिवाळीचा फराळ तोंडात न घालता पुढच्या गाडीनं गेले. गाठी समान अंतरावर नव्हत्या, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

पण लता पोटुशी होती. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी, आणि सातवा लागला की बापानं स्वतः जाऊन आणायचं. सातवा लागला. लताची आई म्हणाली, "उठा, पोर वाट बघत असंल." मी म्हटलं, "आधी त्यांनी गावासमोर सांगावं की गाठी चुकल्या." ती म्हणाली, "तुमच्या घडापायी माझी पोर तिकडं परक्यात बाळंत व्हायची का?" मी म्हटलं, "मी जात नाही." त्यानंतर ती बोलायची बंद झाली. भाकर ताटात अशी आदळायची की कुत्रं उठून बसायचं. आठवा जवळ यायला लागला. दुपारी पडलो की मला धुळ्याच्या घराचं दार दिसायचं आणि त्यात लता उभी, पण मी कूस बदलायचो.

मग एका दुपारी बाहेर आलो तर भांडी घासायच्या मोरीजवळ नाना उकिडवे बसलेले. चपला काढून बाजूला ठेवलेल्या.

"उंबऱ्याले बंदी शे," ते म्हणाले, "मळाले तर नही ना?"

"काय काम काढलं?"

"ताऱ्याला विचारायचं राहिलं होतं." त्यांनी मोरीच्या कडेचं कापलेलं खोड दाखवलं. "पारावरचा घड याच खोडाचा ना, आबा? याला पाणी कोण घालायचं?"

"कोण म्हणजे? पाटानं येतं ते. सगळ्यांना सारखं."

"सारखं नाही. लता भांडी घासून झाली की इथलं पाणी हंड्यानं यालाच घालायची. चुलीची राख यालाच, गोठ्यातलं शेण यालाच. हळद लागलेल्या अंगानं पण एक घागर ओतून आली होती. परवा तिला पेटी काढून दाखवली आणि विचारलं, मोरीजवळचा घड एवढा कसा? तर हसली. म्हणाली, 'नाना, तो माझा. आबांना पारावर टांगायला लागतो ना.' मग रडायला लागली."

"काबर रडनी?"

"तुमले माहीत शे काबर."

मी खोडाकडे बघत राहिलो. वर्षानुवर्षं मी पारावर बसून मिशीला पीळ भरत होतो, आणि घड टांगत होती ती. आत जाऊन टोपी घातली. लताच्या आईनं पिशवी भरून दाराशी ठेवलेलीच होती, तिला कोणी सांगितलं देव जाणे. निघताना मी म्हटलं, "चहा घ्या, नाना. आत या."

"पाय ठेवू का नको, ते आधी ठरवा."

"एक ठेवा."

नानांनी खरंच एक पाय आत ठेवला, एक बाहेर, आणि चहा उभ्यानं प्याला. "मधली रेघ उंबऱ्यावर आली," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी लताची आई हसली. धुळ्याच्या गाडीत त्यांनी कंडक्टरला विचारलं, अमळनेर कधी येईल. तो म्हणाला, पाचला. "पाच ही मधली वेळ, का मिशीचं टोक?" कंडक्टरनं माझ्याकडे बघून विचारलं, "बाबा, दवाखान्यात नेताय का यांना?" मी म्हटलं, "व्याही आहेत माझे. नीट उत्तर दे."

लता आली. नात आमच्या घरी झाली. पुढं दर दिवाळीला नाना यायचे, दोन्ही पाय आत ठेवायचे, आणि आम्ही सुतळी ताणायचो. पारावर घड टांगणं मी सोडलं. कोणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या मनानं. पण मोरीचं पाणी, राख, शेण, सगळं मी स्वतः त्या जागेवरच्या केळीला घालू लागलो. घड चांगला यायचा, पण यायचा तो मिशीवरच. नाना पेटी आखून झाली की फक्कीची चिमूट हातात धरून मिशीच्या पुढं थोडं चालून जायचे, थांबायचे, आणि चिमूट परत पिशवीत टाकायचे.

नाना रिटायर झाले, मग अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवाळीला मीच धुळ्याला गेलो. लता पायाशी बसली होती. मिशा कोणीतरी नीट कातरून सारख्या केल्या होत्या, त्यामुळे माणूस ओळखू येत नव्हता. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "आबा, यंदा तारा?"

"आला, नाना," मी म्हटलं. "मोरीजवळच."

मग एक डोळा उघडून ते म्हणाले, "त्याले विचारं का, कसा उना?"

कसा आला ते सांगायला तो आलाच कुठं होता, मी त्यांचं पांघरूण नीट करायला लागलो. नाना हसले, ते सारख्या मिशांतूनही कळलं.

अजूनही केळी कापायला आली की मी ओळ लावतो, त्यांच्याच सुतळीनं. पोरं हसतात, हसू देत. पेटी आखतो, मिशा ओढतो, आणि मिशीच्या पुढं हातभर जागा मोकळी सोडतो. तिथं कोणाचा पाय पडला की मी अजून ओरडतो.