मारेगावजवळचं मौन आणि एक कोरा कागद

यवतमाळच्या स्टँडवर त्या सकाळी दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक दिग्रसची, दुसरी मारेगाववरून वणीला जाणारी. माझं घर दिग्रसला आहे. मी वणीच्या गाडीत चढलो.

त्याचं कारण आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्र होऊन दीडेक वर्ष झालं होतं आणि दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. अमरावतीच्या कॉलेजात मी इंटरला होतो. आदल्या वर्षीही इंटरलाच होतो. गणितात गेलो होतो. पण आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे इंटरनंतर काय येतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी पत्रात ‘पास झालो’ असं लिहिलं. शेजाऱ्यांनी ते बाबांना वाचून दाखवलं आणि प्रश्न मिटला. माझा मात्र मिटला नाही. सुट्टीत घरी जाऊन बाबांच्या समोर बसणं मला जमणार नव्हतं.

अशात होस्टेलवर येणाऱ्या पाद्रीसाहेबांनी मारेगावकडच्या एका प्रार्थना-आश्रमाची गोष्ट काढली. पाच दिवस मौन पाळायचं आणि स्वतःला देवाच्या स्वाधीन करायला शिकायचं. मी लगेच नाव दिलं. माझी तळमळ पाहून ते गहिवरले. मी त्यांना गहिवरू दिलं.

गाडीत शेजारी एक शेतकरी बसले होते. मांडीवर नवा कोरा कंदील होता आणि प्रत्येक खड्ड्याला ते त्याला छातीशी धरत.

“कुठी चाल्ला बाबू?”

“मारेगावजवळ. आश्रमात.”

“कोन बिमार हाय?”

“कोणी नाही. तिथे पाच दिवस गप्प बसायचं असतं.”

त्यांनी कंदील मांडीवर नीट बसवला. “लगन झालं का तुह्यं?”

“नाही.”

“मंग थांब ना. लगन झाल्यावर आपोआप जमते ते.”

पांढरकवडा गेलं, करंजी गेली. दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीत पऱ्हाटी (कपाशी) फुटली होती. ओटीत कापूस भरलेल्या बाया ओळीओळीने पुढे सरकत होत्या. मारेगावला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पुढे चार मैल पायी जायचं होतं. माझ्याजवळ पत्र्याची पेटी होती, तिच्यात गणिताची तीन पुस्तकं होती. ती का घेतली होती, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

वाटेत एक पोड (कोलामांची वस्ती) लागला. एका म्हाताऱ्याला रस्ता विचारला.

“मुक्यायचं घर पायजे का?” ते म्हणाले. मग माझ्याकडे दयेने पाहून त्यांनी आवाज चढवला आणि हातवारे करून मला सगळा रस्ता दोनदा समजावला. मी आत्ताच त्यांच्याशी बोललो होतो, याने त्यांना काही फरक पडला नाही.

आश्रम म्हणजे कवेलूच्या (कौलारू) चार खोल्या, एक विहीर, एक चिंच आणि चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजला की प्रार्थना. तिथल्या प्रमुख बाईंना सगळे आत्याबाई म्हणत. वय साठीच्या पुढे, पांढरं लुगडं. त्या पूर्वी मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या आणि अजूनही माणसाकडे ताप मोजल्यासारखं पाहत. आम्ही सात जण होतो. माझ्या खोलीत एक रिटायर्ड कंपाउंडर होते.

बोलण्याची मुभा फक्त आत्याबाईंना होती, तीही सकाळी अर्धा तास, आणि ज्याला त्या बोलावतील त्याला. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “इथं मांगाले बसू नका. मांगनं तुमी घरीबी करता. इथं नुसतं बसा. हात मांडीवर, मुठी उघड्या. नदीत उतानं पडाले येते ना? हातपाय मारले का बुडते. सोडून देल्लं का पानी उचलते.”

मी बसलो. माझ्या मुठी मिटत. उघडल्या की थोड्या वेळाने पुन्हा मिटलेल्या दिसत. दिग्रसच्या आमच्या नाल्यात गुडघाभर पाणी असतं, त्यामुळे उताणं पडण्याचाही मला अनुभव नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर समोर कंपाउंडर माझ्याकडे पाहून बोट वर करत होते. चेहरा अतिशय गंभीर होता. मला वाटलं, ते वर असलेल्या देवाची आठवण करून देत आहेत. मीही आदराने बोट वर केलं. त्यांनी पुन्हा केलं. मी हात जोडले. तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर चपलेने एक जोरदार तडाखा दिला आणि विंचू खाली पडला. तो वरच्या कवेलूतून माझ्या खांद्यावर उतरला होता. त्यांनी मौन मोडलं नाही. मी मोडलं.

जेवणात ज्वारीच्या कण्या (भरडलेल्या ज्वारीचा भात), ताक आणि अंबाडीची भाजी. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. सात जणांनी ती डोळे मिटून खाल्ली. हा साधनेचा भाग असावा, असं मी धरून चाललो. दुपारी स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी स्वतः भाजी तोंडात घातली आणि आश्रमातलं मौन दुसऱ्यांदा मोडलं.

त्याच दिवशी आत्याबाईंनी प्रत्येकाला एक कागद दिला. मनात जे घट्ट धरलं आहे ते लिहा आणि देवाला देऊन टाका, म्हणाल्या. मी चिंचेखाली बसून दीड तास लिहिलं. मग त्यांनी मला बोलावलं आणि वाचू का, असं विचारलं. मी कागद पुढे केला.

त्यांनी चष्मा लावला. वाचता वाचता एकदा माझ्याकडे पाहिलं.

“‘विषय : मार्चच्या परीक्षेत गणितात उत्तीर्ण करण्याबाबत’?”

“हो.”

“‘तरी मेहेरबानांनी सहानुभूतिपूर्वक विचार करावा. आपला आज्ञाधारक.’ बाबू, हा तं अर्ज हाय.”

मी खजील झालो. पण मला दुसरं काही लिहिता येत नव्हतं. सातवीत गेल्यापासून आमच्या वस्तीतले सगळे अर्ज मीच लिहीत आलो होतो. नळाचे, रेशनचे, बदलीचे. मोठ्या जागी कागद पाठवायचा तर तो असाच लिहितात, एवढं मला ठाऊक होतं.

आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक कोरा कागद काढला. “याच्यावर काही लिहू नको. खाली फक्त सही कर. वरतं काय लिहाचं ते देव लिहीन. स्वाधीन होनं म्हंजे एवढंच.”

मी पेन उघडलं आणि बंद केलं.

“काहून?”

मग मला सांगावं लागलं. बाबा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचे. एकदा मुनीमाने कोऱ्या कागदावर त्यांचा अंगठा घेतला, हजेरीसाठी म्हणून. महिन्याभराने त्याच कागदावर लिहिलेलं निघालं की माणूस आपल्या मर्जीने काम सोडून गेला आहे. बाबा कागद धरून फाटकाशी उभे राहिले, पण अंगठा त्यांचाच होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं नाव शाळेत घातलं. पाटी हातात देताना त्यांनी माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं. कोऱ्या कागदावर कधी सही करायची नाही. कोणाच्याही.

“देवाच्याबी नाही?” आत्याबाईंनी विचारलं.

“त्यांनी तसं वेगळं सांगितलं नव्हतं.”

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. विहिरीवरचा रहाट कुरकुरत होता. मला वाटलं आता त्या मला श्रद्धेवर काही ऐकवतील.

“तुहा बाप मले बरोबर वाटते,” त्या म्हणाल्या. “मंग त्यालेच जाऊन विचार. तू नापास झाला हे त्याले माईत हाय का?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“देवाले तं माईतच हाय. इथं येऊन त्याले काय सांगून राह्यला? ज्याले माईत नाही त्याले सांग.”

मी उरलेले दोन दिवस मुठी उघड्या ठेवून बसलो. शेवटच्या सकाळी कोरा कागद घडी करून खिशात ठेवला आणि मारेगावहून यवतमाळ, यवतमाळहून दिग्रस असा घरी पोचलो. दारव्ह्याला गाडीचं टायर फुटलं. मला फार आनंद झाला. पण ड्रायव्हरने ते अर्ध्या तासात बदललं.

बाबा अंगणात बाजेला सुतळी भरत होते. आई आत भाकरी थापत होती.

“आला का शमू? लय उशीर केला,” बाबा म्हणाले.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. नापास झालो, खोटं लिहिलं, आणि आश्रमातला कागद. त्यांनी सुतळी खाली ठेवली. आतला थापण्याचा आवाज थांबला.

“नापास झालता?”

“हो.”

“गेल्याच साली?”

“हो.”

त्यांनी कागद घेतला. उलटा केला, सुलटा केला. दोन्ही बाजूंनी तो सारखाच होता.

“सही नको करू,” ते म्हणाले. “देवाले कागद कायले पायजे? तोंडानं सांग त्याले, तुह्या हाती हाय मी, म्हनाव. मुनीमाले कागद लागते.” मग कागद माझ्या हातात परत देत म्हणाले, “पन तुह्या पासाचे बत्ताशे वाटले ना मी. पुऱ्या वस्तीत.”

हे मला माहीत नव्हतं.

“किती घरी?”

“अकरा.” ते उठले. खुंटीवरची टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर ठेवली. रविवारी प्रार्थनेला जाताना घालतात ती. “चाल. त्यायच्या घरी आपल्या तोंडानं गेलतो, आताबी आपल्याच तोंडानं जाऊ.”

पहिल्या घरी बाबांनी दारातूनच सांगितलं, “आमचा पोट्टा नापास झाला बरं का. गेल्या वर्षीच झालता.” घरधनी म्हणाले, “बरं.” दुसऱ्या घरी गिरजाकाकूंनी विचारलं, “मंग बत्ताशे वापस करा लागते का? ते तं खाल्ले.” तिसऱ्या घरी चहा मिळाला. बाबांचा आवाज प्रत्येक घरी सारखाच होता. मी मागे उभा राहून फक्त ‘हो’ म्हणत होतो.

समर्पण म्हणजे काय, असं मला पाद्रीसाहेबांनी नंतर विचारलं. पाच दिवसांचं वर्णन मी त्यांना व्यवस्थित केलं. पुढच्या दोन घरांचं मात्र इथेच सांगतो. चौथ्या घराच्या दारात बाबांना खोकला आला, म्हणून मी सांगितलं. पाचव्या घरी त्यांना खोकला आला नाही. तिथेही मीच सांगितलं.