भिवापूरच्या बांधावर पुन्हा काटेकोरांटी

"ताई, तुमची काटेकोरांटी फुलून राहिली. पाहाले या!" माझ्या भावजयीचा, सुनंदाचा फोन आला आणि दुसऱ्याच सकाळी मी नागपूरहून निघाले.

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावानं, रमेशनं, तणनाशक मारून शेताचा बांध साफ केला होता. रानफुलं गेली, मागोमाग परागकण वाहणाऱ्या माश्याही. कोहळ्याला, म्हणजे लाल भोपळ्याला, फुलं यायची. फळं मात्र बोटाएवढी होऊन गळायची. त्याच बांधावरच्या काटेकोरांटीच्या फांद्या मी लग्नानंतर नागपूरच्या अंगणात लावल्या होत्या. गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांची पंचवीस रोपं घेऊन गेले, तर रमेश भडकला. "बांधावर काटे काहून लावू? लोक हसतीन मले!" सुनंदानं तेवढा विहिरीकडचा तुकडा मागून घेतला.

नागपूरच्या गणेशपेठ स्थानकाहून भिवापूरला एसटीनं उमरेडमार्गे दोनेक तास लागतात, बायकांना अर्धं तिकीट. उमरेडला गरम आलूबोंडा खाऊन घ्या. फुलांवरची गर्दी पाहायची तर डिसेंबरात जा आणि ऊन चढायच्या आत शेतावर पोचा.

मी पोचले आणि बघतच राहिले. विहिरीकडचा बांध पिवळाधम्मक! काळे भुंगे, निळ्या पट्ट्यांच्या माश्या, नुसती घूं घूं. सुनंदा पानं बाजूला सारून एकेक कोहळं दाखवत होती. "हे पाहा, अन् हे पाहा!" मी मोजायचं सोडून दिलं.

भाकर, वांग्याचं भरीत आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा असं जेवण चाललं होतं, तेवढ्यात शेजारच्या शेतातले देवाजीकाका आले.

"रमेश, कोणत्या नर्सरीतून आणली गा हे झाडं? मलेही पाहिजेत."

रमेशनं घास खाली ठेवला. "नर्सरीतली नाही जी काका. आपल्याच बांधावरची होती. मी मारली, माह्या बहिणीनं जगवली."

माझा भाऊ चार लोकांत कुणाचं कौतुक करणारा नाही. ठेचा तिखट लागला म्हणून मी डोळे पुसले.

या झाडाला लाड लागत नाहीत. पावसाळ्यात फांदी खोचा, रुजली की वर्षानुवर्षं फुलते. पुढच्या पावसाळ्यात काकांना बांधावरच्याच फांद्या द्यायला मी सुनंदाला सांगून ठेवलं.

संध्याकाळी घरी आले. "काय आणलंस?" नवऱ्यानं विचारलं. मी पिशवीतून भलंमोठं कोहळं काढून ठेवलं आणि रमेशचं बोलणं त्याला जसंच्या तसं ऐकवलं. मग पुन्हा एकदा ऐकवलं.