ताईने नळी साफ केली

बुडबुड्याचं खरं नाव गल्लीत आता कुणाच्या लक्षात नाही. पन्नाशीला टेकलेला गडी, जमिनीत नि पाण्यात काय मुरलंय ते शोधत हिंडणारा. बाटली काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी धरायची, आत मोहरीएवढा बुडबुडा दिसला तर ती टाकून दुसरी भरायची, कारण पाण्यातलं पेट्रोल त्या बुडबुड्यात निसटतं. हॉटेलात बसला तरी पाण्याची बाटली उलटी करतो म्हणतात. खरंखोटं वेटरला ठाऊक.

यंदा मात्र काम घरातच शिरलं. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाची जमिनीतली जुनी टाकी गळत असावी, असा संशय होता. शेजारीच त्याच्या थोरल्या ताईचं घर. बोअरच्या पाण्याला वास येतो म्हणून ताई सहा महिने ओरडत होती, कारण त्याच पाण्यात नातवाचं दूध कालवलं जायचं. शेवटी तिच्या अंगणात चार बोटं रुंदीची तपासणीची नळी गाडली. झाकणाला कुलूप होतं, पण किल्ली बुडबुड्याने ताईकडेच ठेवली. घरचं माणूस, त्यात काय!

आदल्या दिवशी तो ताईला फोनवर म्हणाला होता, "उद्या आधी नळी साफ करायची, मग नमुना." साफ म्हणजे साचलेलं जुनं पाणी उपसून काढायचं, जमिनीतलं ताजं पाणी येईपर्यंत. ताईला सांगायला नको होतं असं नाही, पण अर्ध्या आयुष्याचं काम माणसाला इतकं सोपं वाटतं, की फोड करून सांगायचं सुचतच नाही.

सकाळी तो यंत्रं घेऊन पोचला, तर अंगणात ब्लीचिंग पावडरचा घमघमाट. ताईने बाटल्या धुवायचा ब्रश काठीला बांधून नळी आतून घासली होती, वर अर्धा डबा पावडर ओतली होती. चार माणसं येणार, घाण पाणी काय दाखवायचं त्यांना? शाबासकीची वाट बघत ती दारात उभी होती. बुडबुडा तिथेच ओट्यावर बसला, डोक्याला हात लावून.

पंपाचा मॅनेजर हजर होताच. आता तो एकदम सोयऱ्यासारखा गोड झाला. पावडरने पाण्यातल्या पेट्रोलचे आकडे खाली येतात, हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

"साहेब, कशाला नोंदवहीत लिहिता? ताईंची माया आहे ती. घ्या नमुना, होऊन जाऊ दे."

ताईचंही तेच म्हणणं पडलं. पावडर उतरायला पंधरा दिवस लागतील म्हटल्यावर ती उसळली, आजच घे, बाळ काय तेवढं थांबणार आहे?

बुडबुड्याने वही उघडली आणि लिहिलं: नळीत ब्लीचिंग पावडर, आजचा नमुना रद्द. किल्ली कुणी दिली होती, तेही लिहिलं. ऑफिसातल्या त्याच्या साहेबांनी मग त्याला दिवसभर जे ऐकवलं ते इथे न छापलेलं बरं.

ताईने अबोला धरला. तो रोज सकाळी दोन कॅन पाणी तिच्या दारात ठेवायचा आणि ती दार न उघडता आतूनच म्हणायची, ठेव तिथेच. नळीतलं पाणी त्याने दिवसाआड उपसलं, ते नाल्यात न सोडता पिंपात भरून ठेवलं. त्या पिंपातलं पाणी झाडांना घालायला ताईने एकदा तांब्या उचलला, तेव्हा मात्र तो असा खेकसला की पोरांनी खिडक्या लावल्या.

सोळाव्या दिवशी नमुना प्रयोगशाळेत गेला. आठवड्याने कागद आला. बुडबुड्याने तो ताईसमोर धरला. चष्मा लावून तिने दोनदा वाचला, आणि विचारलं,

"म्हणजे आहे की नाही?"

"आहे. खूप आहे. त्या दिवशी घेतला असता तर कागदावर नाही आलं असतं."

ताई उठली, बोअरच्या मोटरचा फ्यूज उपटून पदराला बांधला आणि म्हणाली, "दोन कॅन पुरत नाहीत रे. उद्यापासून तीन आण."