साडेपाच तास मागे

शांतवन गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात मोगऱ्याला पाणी घालत होतो. "भाऊजी, गेले हे. तीन चाळीसला," मार्थावहिनी म्हणाल्या. ऊन चांगलं वर आलं होतं, आणि चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला मी अशा वेळीही म्हणालो, "वहिनी, नऊ दहा म्हणायचंय का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "मी ह्यांच्या घड्याळात बघितलं." दुसऱ्याची चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. या खोडीपायी मी शांतवनशी कसा वागलो, ते मला त्याच्या जाण्यानंतर दीड महिन्यानं कळलं. म्हणून हे लिहितो आहे.

देवळाली प्रवरात आम्ही एका बाकावर वाढलो. त्याचे वडील मिशनच्या शाळेत शिक्षक. शांतवन मुंबईला विमानांच्या कागदपत्रांचं काम शिकला आणि पन्नाशीत गावी परतून मागच्या खोलीत तेच काम करू लागला. परदेशातले हौशी वैमानिक स्वतःची दोन-चार आसनांची विमानं घेऊन देशोदेशी उडत जातात. आपल्या हद्दीत शिरायचं तर आधी परवानगीचा नंबर लागतो, मार्ग कळवावा लागतो, जिथं कस्टम आहे अशाच विमानतळावर उतरावं लागतं, आणि नियंत्रण कक्षाची वाट दाखवण्याची फी विमानाच्या वजनावर आणि अंतरावर भरावी लागते. हे सगळं शांतवन उसाच्या फडाकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी बसून जमवायचा. मी त्याला चिडवायचो, "आभाळातला टोलनाका चालवतोस लेका." तो हसायचा. "मास्तर, टोल चुकला तर माणूस माघारी वळून पैशे देतो. वर तसं न्हाई हो. वर वळायलाबी पेट्रोल लागतं."

त्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात एका म्हाताऱ्या दंतवैद्याचा अर्ज आला. हा गृहस्थ एकटाच एका इंजिनाच्या विमानातून जग फिरायला निघाला होता आणि ओमानहून समुद्रावरून आपल्याकडे येणार होता. शांतवनच्या डोळ्याला पट्टी होती, म्हणून त्याने मला बोलावलं. तो सांगत गेला, मी कच्चा अर्ज हाताने लिहीत गेलो. जगभरची विमानं एकच वेळ पाळतात, ग्रिनिचची, आपल्या साडेपाच तास मागची. आपल्या हद्दीत शिरायचं होतं मंगळवारी पहाटे साडेचारला. "तुमीच करा मास्तर हिशोब, तुमचाच विषय हाय," तो म्हणाला. साडेचारातून साडेपाच तास मागे गेलं की रात्रीचे अकरा. मी ऐटीत तेवीस शून्य शून्य लिहिलं आणि वहिनींनी आणलेला चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी तोच कागद समोर ठेवून एका डोळ्यानं त्याने तो संगणकावर उतरवला आणि पाठवला. परवानगी आली. फीही भरली गेली.

मंगळवारी पहाटे हद्दीवर त्या विमानाला सांगण्यात आलं, तुमचा नंबर खरा आहे, पण तो उद्याचा आहे. इथं मंगळवारची पहाट असते तेव्हा ग्रिनिचला अजून सोमवारची रात्र असते. अर्जात तारीख मंगळवारची होती, म्हणजे आपल्याकडची बुधवारची पहाट. पेट्रोल कमी आहे, अडचणीत आहे, एवढं तो बोलला असता तरी कुणीही त्याला उतरू दिलं असतं. पण तो नियमाने चालणारा माणूस. सूचना मिळाली तसा मुकाट्याने माघारी वळला. मधे वारा उलटा झाला... ते विमान परत पोचलंच नाही.

दोन दिवसांनी मी शांतवनकडे गेलो. तो खिडकीपाशी बसला होता, डोळ्याची पट्टी तशीच. सगळं ऐकून घेतलं आणि मला संताप आला. त्याला धीर द्यायचा सोडून मी म्हणालो, "वेळ मी बरोबर काढून दिली होती. एक दिवस मागे जातो, हे माझ्या पाचवीतल्या पोरांनाही कळतं, शांतवन. टाइप करताना एवढंही पाहिलं नाहीस?" त्याने माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं. मग म्हणाला, "व्हय मास्तर. चुकलं माझं."

ते काम त्याने त्याच महिन्यात बंद केलं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांच्या पावत्या फाडायला लागला. विमानांची वेळ दाखवणारं एक घड्याळ मात्र त्याने खोलीत लावलं आणि ते कधी उतरवलं नाही. जेवणं, झोपणं, औषधाच्या गोळ्या, सगळं त्याच घड्याळावर. मी लोकांदेखत त्याला 'लंडनचे जावई' म्हणायचो. दर रविवारी तो प्रार्थनेत त्या दंतवैद्याचं नाव घ्यायचा. एकदा मी म्हणालो, "झालं गेलं, किती दिवस उगाळशील?" तर म्हणाला, "मास्तर, तुमी लई सुखी हायसा. तसंच ऱ्हावा." मला तो टोमणा वाटला होता.

गेल्या आठवड्यात वहिनींनी मला बोलावलं. कपाटातले कागद कुणाला कळत नाहीत, तुम्ही बघून टाका, म्हणाल्या. त्यात ती फाईल होती. त्या अपघाताच्या चौकशीत दिलेल्या जबाबाची प्रत वर होती. 'तारीख मीच काढली व मीच लिहिली. दुसऱ्या कोणाचाही संबंध नाही.' खाली त्याची सही. त्याच्या मागे माझा कच्चा अर्ज. माझी निळी शाई, माझा मधे रेघ मारलेला सात. तेवीस शून्य शून्य. आणि त्याच्या शेजारी, माझ्याच अक्षरात, मंगळवारची तारीख.

त्याने जसं होतं तसंच उतरवलं होतं. मास्तरांनी काढलेला हिशोब, त्यात काय तपासायचं... मी खोलीत एकटा होतो आणि मला ओरडावंसं वाटत होतं. कुणापुढे कबूल करू? तो दंतवैद्य नाही, शांतवन नाही. सात वर्षं हा माणूस माझी चूक पाठीवर घेऊन वजनकाट्यावर बसला, आणि मी त्याला पाचवीच्या पोरांचा दाखला दिला. नुसतं "दाखव तो कागद" म्हणालो असतो तरी त्याच दिवशी कळलं असतं. मी म्हणालो नाही, कारण माझी चूक असू शकते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. यातून आता सुटका नाही आणि मला ती मागायचीही नाही.

फाईल मांडीवर घेऊन बसलो होतो तेवढ्यात वहिनी आत आल्या. त्यांच्या हातात नवा सेल होता. "भाऊजी, ह्यांचं घड्याळ काल बंद पडलं. एवढा सेल घालून वेळ लावून द्या. तुमाला बरोबर येतं ते." त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. रविवारी चर्चहून आल्यावर त्या वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, तेव्हा कळेल. फाईल खाली ठेवली, स्टुलावर चढलो, घड्याळ उतरवलं, सेल घातला. भिंतीवरच्या दुसऱ्या घड्याळात पहाटेचे साडेचार नव्हते, सकाळचे चांगले अकरा वाजले होते. अकरातून साडेपाच गेले, साडेपाच उरले. पुन्हा वजाबाकी केली. पुन्हा केली. काटा फिरवायला हात धजेना.

"वहिनी," मी विचारलं, "आज तारीख काय?"

त्या खालून म्हणाल्या, "ह्या घड्याळाला तारीख कुठं हाय, भाऊजी?"