ताटाखालचं ओलं फडकं

सन दोन हजार दोन, आणि माझं वय अडुसष्ट. सकाळी गोठ्यापुढं बसलो होतो. किराणा दुकानदार स्वतः पळत आला. "पुण्याहून फोन आल्ता. तुमची वैशाली गेली." वैशाली माझ्या धाकट्या भावाची लेक. तेहतीस वर्षांची. कावीळ झाली ते ठाऊक होतं, पण... मी त्याला म्हणलं, "नीट ऐकलं का?" त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

मी दुसरी पास. लिहिण्यात चुका असतील. पण हे मी स्वतः लिहून राह्यलो, अन् डाव्या हातानं. ती करामत तिची.

नऊ वर्षांमागं कडबा कापायच्या यंत्रात माझा उजवा हात मनगटापासून गेला. हातापेक्षा जेवणाचं दुःख मोठं झालं. डावा हात अन्नाला लावायचा न्हाई, हे आईनं फटके देऊन शिकवलेलं. मंग बायको आतल्या खोलीत दार लावून मला घास भरवायची. लग्न, बारसं, कुठल्याच पंगतीला गेलो न्हाई. बोलवायला कुणी आलं की सांगायचो, उपवास हाय. आठ महिने असे गेले. लोक म्हणायला लागले, हात गेला अन् म्हातारा देवमाणूस झाला.

वैशाली तवा पुण्याला एम.ए. करत होती. काय शिकते विचारलं तर म्हणली, पुनर्वसन समुपदेशन. दुसरा शब्द माझ्या तोंडात मावला न्हाई. पहिला बराबर ठाऊक. आमच्या परतूरकडं पुनर्वसन म्हंजे धरणात जाणारं गाव उचलून माळावर नेऊन ठेवायचं. मी चारचौघांत मिरवून सांगितलं, आमची पोर गावं उठवणारी मोठी साहेब होणार. सुट्टीत आली तवा तिला हे कळलं. पोट धरून हसली. मंग माझ्या बाहीच्या रिकाम्या टोकाकडं बघत म्हणली, "बरोबरच हाय की, मोठेबाबा. उजवीकडचं गाव बुडालं. आता डावीकडं वसवायचं."

"डाव्या हातानं जेवू? लोक तोंडात शेण घालतील."

"जुन्या गावात बसून राह्यले त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं, मोठेबाबा."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो न्हाई. तिसऱ्या दिवशी तिनं ओसरीवर, रस्त्यासमोर ताट मांडलं. एका हातानं भाकर मोडायला गेलं की ताट सरकायचं, कालवण सांडायचं. तिनं एक फडकं ओलं केलं, पिळलं, ताटाखाली घातलं. ताट जागचं हललं न्हाई. भाकर तळव्यानं दाबायची अन् अंगठ्यानं तुकडा मोडायचा. रस्त्यानं माणसं जाऊन राह्यली होती. मी मान खाली घालून जेवलो. वैशाली बी समोर बसून डाव्या हातानंच जेवली, अंगावर वरण सांडत. "बघा, एम.ए.ला असून मला जमंना!"

मागच्या दिवाळीला आली तवा म्हणली, "कुंभार पिंपळगावात एक माणूस हाय. तुमच्यासारखाच हात गेला. घराबाहेर येत न्हाई. मी दोनदा जाऊन आले, पण मला दोन हात हायत ना, माझं कसं ऐकंल? तुम्ही जाता का?"

मी उखडलो. "मी काय जत्रेतलं अस्वल हाय, दाखवायला?"

"बरं," म्हणली. हसली, चपला घातल्या, गेली. तेच शेवटचं...

तिच्या तेराव्याला मी पंगतीत पहिल्या ओळीत बसलो. सगळ्यांदेखत डाव्या हातानं जेवलो, मधी उठलो न्हाई. तिचं ते "बरं" कानातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन भाकरी अन् एक फडकं पिशवीत टाकून कुंभार पिंपळगावची एस.टी. धरली. विचारत विचारत घर गाठलं. त्या माणसानं दार उघडलं न्हाई. आतून म्हणला, "माझा उपवास हाय."

मी उंबऱ्यावर बसलो. "मी बी आठ महिने केला. ताट दे."

त्याच्या बायकोनं दार किलकिलं करून ताट अन् पाण्याचा तांब्या सरकवला. मी फडकं भिजवलं, गुडघ्यावर दाबून पिळलं, ताटाखाली घातलं... अन् त्याच्या दारात, डाव्या हातानं भाकर मोडली.